एकशे बारा मापं आणि एक माईक

...आणि खोक्यावर काय छापलंय, सांगू? 'जोडा आणि गा!' बस्स. तीन शब्द. खाली चित्र. पांढरीशुभ्र भिंत, कोपऱ्यात एक कुंडी, मधे तो माईक आणि त्याच्यासमोर डोळे मिटून गाणारी मुलगी. तिचे केस वाऱ्यावर उडतायत. आता बंद खोलीत वारा कुठून आला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं! पण नाही. मला वाटलं, आपलंही असंच होणार. टॅबलेट टेबलावर ठेवायचा, माईक जोडायचा, काकू डोळे मिटणार, गाणार, आणि मी हळूच डोळे पुसणार. आणि मिळालं काय? फ्रिजची घरघर, भिंतीवरची तीन घड्याळं, समोरच्या सुताराची करवत, मागच्या बिऱ्हाडातल्या आजोबांच्या शिंका... आणि त्या शिंका एकेकट्या येत नाहीत हो, सातच्या सात येतात, आणि सातवी यायला इतका वेळ लावते की माणूस श्वास धरून बसतो!

तुम्हाला सांगते, मला फक्त एक आवाज हवा होता. एकच! माझ्या काकूचा.

काकू शिवते आणि काका कापतात. पुढे दुकान, मागे घर. चाळीस वर्षांचं दुकान, पण मापांची वही नाही. विचारा का? कारण काकू म्हणते, वही कुणीही उघडतं, माझं तोंड मीच उघडते. मग मापं असतात कुठे? गाण्यात! हसू नका. प्रत्येक बाईचं एक कडवं. मशीनवर पाय सुरू झाला की कडवं सुरू, आणि त्या चालीवर तिकडे काकांची कात्री सुरू. हे ऐका:

'गिरणीवालीची कंबर छत्तीस, म्हणते तीस, धरा छत्तीस गं,
श्वास सोडून मोजा बाई, बाही सव्वादहा गं...'

अशी एकशे बारा कडवी! आणि नावं नाहीत हं कुणाची. गिरणीवाली, औषधवाली, शाळेतल्या मोठ्या बाई. काकूला वाटतं, नाव घेतलं नाही म्हणजे कुणाला कळणार नाही. गल्लीत गिरणी एकच आहे!

आता मी सात वर्षं लांब शिकून आलेली. काय शिकले ते विचारू नका, काका रोज विचारतात. आल्याआल्या मी दुकानात उभं राहून भाषणच ठोकलं. म्हटलं, 'काकू, हा ठेवा आहे! हे जपलं पाहिजे! माणसाच्या गळ्यात साठवलेलं ज्ञान आहे हे!' काकू म्हणाली, 'सुई ओवून दे.'

तेवढ्यात काकूला एक गाठ निघाली. गळ्यात. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही, काढून टाकू, पण त्यानंतर सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, आणि आवाज परत येईल तो कसा येईल, ते सांगता येत नाही. मी रडायच्या बेतात. काकूने विचारलं काय, तर 'शिवता येईल ना?' येईल म्हणाले. मग झालं तर, म्हणाली. काका मात्र घरी आल्यावर म्हणाले, 'मापं कोण सांगणार मला?'

मी म्हटलं, त्यात काय, काकू, तू सांग, मी लिहून घेते. बसली समोर. 'हं, लिही. गिरणीवाली... गिरणीवाली... थांब हं.' आठवेना! चालीशिवाय माप येत नाही, आणि म्हणाली, 'मशीनशिवाय चाल येत नाही मला.' त्यातलं पहिलं अर्धं मी ऐकलं. दुसरं अर्धं ऐकलंच नाही. का? कारण तोपर्यंत मी माईक मागवून मोकळी झाले होते! साधा नाही, कंडेन्सर. नाजूक कानाचा. सुई पडली तरी ऐकणारा. आता शिंप्याच्या दुकानात सुई पडलेली ऐकणारा माईक आणणाऱ्या मुलीला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

ऑपरेशन गुरुवारी. माईक आला मंगळवारी. आत माईक, त्याचा स्टँड, आणि एक डबा. हा डबा मधे लागतो. माईक डब्यात, डबा टॅबलेटमध्ये. आणि टॅबलेटला भोक किती? एक! त्याच भोकातून चार्जिंग, त्याच भोकात डबा. म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना चार्जिंग नाही. आणि तो डबा टॅबलेटची बॅटरी अशी पितो, अशी पितो, उन्हातून आलेला पाहुणासुद्धा इतकं पाणी पीत नाही.

जोडलं. काकूला मशीनवरून उठवलं, माईकसमोर बसवलं, म्हटलं, नुसतं आ कर. मी कानात इयरफोन घातला आणि... काय सांगू! शांतता! फ्रिज नाही, करवत नाही, शिंका नाहीत. मी हवेत हात उडवले. म्हटलं, बघा, याला म्हणतात दर्जा! नको ते ऐकतच नाही! काकूचे ओठ हलतायत, मी माना डोलावतेय... आणि मग लक्षात आलं, काकूपण ऐकू येत नाहीये.

तो डबा माईकला वीज देतो. त्यासाठी एक बटण असतं. लाल. अठ्ठेचाळीस व्होल्टचं. मी पंधरा मिनिटं त्या शांततेचं कौतुक करत होते!

बटण दाबलं. आणि मग जग आत घुसलं. घड्याळं, घरघर, सातव्या शिंकेसकट आजोबा. फक्त काकू लांब, विहिरीच्या तळाशी बसून गातेय अशी. म्हटलं, बिघडला. उचलला तसाच स्टँडसकट आणि गेले समोरच्या सलूनमध्ये. का सलूनमध्ये? कारण न्हावीदादाकडे हा एवढा स्पीकर आहे, गल्लीत सगळ्यात मोठा. म्हटलं, मोठ्यावर ऐकलं की दोष कळेल. दादांनी तो टॅबलेटला जोडून दिला, बिनवायरचा. म्हणाले, 'आता ओळख झाली बरं का ताई. पुढच्या वेळी विचारत बसणार नाही, आपोआप जोडला जाईल. नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा, सरळ येऊन खुर्चीत बसेल.' मी म्हटलं, वा, किती छान. हे 'वा किती छान' लक्षात ठेवा.

मग त्यांनी माईक हातात घेतला. एका डोळ्याने बघितला. म्हणाले, 'ताई, याचं डोकं का धरलंय माणसाच्या तोंडापुढे? हा टाळूतून ऐकत नाही. ही बघा जाळी, ही याची समोरची बाजू, ही मान.' मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? 'ताई,' म्हणाले, 'वीस वर्षं झाली या धंद्यात. तोंड कुठे आणि मान कुठे, एवढं कळतं मला.' आणि गिऱ्हाइकाची हनुवटी वळवतात ना, तसा दोन बोटांनी वळवला. सुधारला हो! सात वर्षं शिकून आले मी, आणि न्हाव्याने दोन बोटांत...

पण बाकीचे आवाज नकोतच! मला फक्त एक आवाज हवा होता. एकच!

म्हणून बुधवारी सकाळी मोहीम. फ्रिज बंद. तिन्ही घड्याळांचे सेल काढले. कुकर लावायचा नाही. आजोबांना वाफारा दिला. सुताराकडे गेले, म्हटलं, दादा, तासभर करवत थांबवाल? म्हणाला, 'थांबवतो की. मग कपाट काय फुंकर मारून कापू?' तरी थांबवली हो त्याने. काकूचं आहे म्हटल्यावर थांबवली. आणि खोली कुठली? मला एकदम सुचलं, ट्रायल रूम! खोली कसली, पडद्यामागचा कोनाडा. तिथे चारी बाजूंनी गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कोट टांगले, पडद्यावर घरातल्या सगळ्या रजया टाकल्या. आत काकू आणि माईक. बाहेर मी आणि टॅबलेट. काय ती व्यवस्था! म्हटलं, 'काकू, गा!'

काही नाही.

'काकू?'

आतून, 'कापड कुठाय?'

'कापड कशाला? तू गा ना नुसतं.'

'नुसतं काय गा? मी काय गवई आहे?' मग खाकरणं. मग, 'गिरणीवालीची... गिरणीवाली... अगं, पाय मोकळे राहिलेत माझे. पाय मोकळे असले की डोकं चालत नाही.' मी म्हटलं, प्रयत्न कर. आतून दहा मिनिटं आवाज नाही. मग रजई बाजूला करून डोकं बाहेर काढलं, लालभडक, घामाने निथळतेय, म्हणाली, 'पोरी, उद्या मला गळ्याच्या ऑपरेशनला जायचंय. आज उकडून मारू नकोस.'

तेव्हा कुठे ते दुसरं अर्धं डोक्यात शिरलं. मशीनशिवाय चाल नाही. आणि मशीन म्हणजे काय आवाज हो! खटक-खटक-खटक-खटक, जुनं, पायाचं. फ्रिजचे चार भाऊ एका जागी! मी म्हटलं, काकू, मशीनचा आवाज येईल त्यात. काका म्हणाले, 'अहो शास्त्रज्ञबाई, चाळीस वर्षं मी ते दोन्ही आवाज एकत्रच ऐकतोय. त्यातला एक काढलात तर मला दुसराही ओळखू येणार नाही.'

घ्या! एक आवाज हवा होता, आता जोडीने आला.

काका, सुतार आणि मी, तिघांनी मिळून मशीन त्या कोनाड्यात ढकललं. काकू बसली, पायाखाली पट्टी आली, एक चिंधी सुईखाली सरकवली... आणि सुटली! तुम्हाला सांगते, धबधबा! गिरणीवाली झाली, औषधवाली झाली, 'खांदा डावा अर्धा इंच खाली गं', मोठ्या बाई झाल्या, 'मान चौदा, ताठ म्हणून पंधरा गं'. मी बाहेर रजईला कान लावून. काका रिकाम्या हातात कात्री धरून हवेत कापतायत. कडव्यामागून कडवं, एक तास झाला, बॅटरी पन्नास, तीस, अकरा... शेवटी शेवटी काकूचा आवाज बसत गेला, रजयांतून मला धड ऐकूही येईना, माझे डोळे बॅटरीवर. सहा टक्के, पाच, चार... मशीन थांबलं. 'झालं गं,' काकू म्हणाली. घोगरी. म्हटलं, घे, पाणी पी, आता बोलू नकोस.

डबा काढला, चार्जर खुपसला, आणि म्हटलं, ऐकून तर बघू. दाबलं.

काहीच नाही.

आवाज वाढवला. काही नाही. अजून वाढवला. पूर्ण! काही नाही. मधे कुठेतरी दाबलं, नाही. पुन्हा सुरुवातीला नेऊन दाबलं, नाही. गेलं! एकशे बारा गेली! आणि काकूचा आवाज बसलाय, आणि उद्या सकाळी... मी तिथेच खाली बसले, भोकाड पसरलं. काकूने माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, 'रडतेस काय, परत म्हणते.' आणि तोंड उघडलं, तर नुसती हवा.

आणि तेवढ्यात मला ऐकू आलं.

लांबून. स्वच्छ! काय स्वच्छ! मशीनचा ठेका, त्यावर काकू, प्रत्येक अक्षर मोत्यासारखं सुटं. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हे रेकॉर्डिंग किती सुंदर झालंय! दुसरा विचार, पण हे येतंय कुठून? आणि मग शब्द कळले.

'म्हणते तीस, धरा छत्तीस गं!'

डबा होता तोवर आवाज इयरफोनमध्ये यायचा, आणि तो डबाच काढला ना मी! आवाज जाणार कुठे? नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा सरळ जाऊन खुर्चीत बसला! सलूनमध्ये! फुल आवाजात! आणि बुधवारी दुपारी सलूनमध्ये कोण असतं? गल्लीतले झाडून सगळे नवरे!

आता टॅबलेट माझ्या हातात होता. हातात! एक बोट लावलं की बंद. मी काय केलं? टॅबलेट काकूच्या मांडीवर ठेवला आणि स्पीकर बंद करायला अनवाणी रस्ता ओलांडून धावले! सात वर्षं शिक्षण!

सलूनमध्ये एकाच्या अर्ध्या गालावर साबण. न्हावीदादांचा वस्तरा हवेत. गिरणीवाल्याचं तोंड उघडं, तो आपला पुटपुटतोय, 'छत्तीस? मला तीस सांगितलं होतं...' मी धावत जाऊन स्पीकरच्या बटणावर हात ठेवला. आणि तिकडे मांडीवर ठेवलेल्या टॅबलेटवर काकूचं बोट कुठेतरी लागलं असणार, कारण गाणं एकदम उडी मारून शेवटाला गेलं. अगदी हळू आवाज. रजयांतून मला ऐकू न आलेला. त्या नाजूक कानाच्या माईकने मात्र ऐकलेला.

'लांब गेली पोर आमची, माप नाही हाती गं,
दर साली अर्धा इंच सोडा, कुणास ठाऊक किती गं...'

हा कोट बघताय ना माझ्या अंगावरचा? बाह्या बघा. बोटांपर्यंत येतात. मी आले त्या दिवशी काकूने घातला माझ्या अंगात. मी हसले होते. म्हटलं, काकू, गल्लीत तुझं एक माप चुकत नाही, आणि माझंच चुकलं? ती म्हणाली, 'धू एकदा, आटेल.' सात वर्षं, दर वर्षी अर्धा इंच. साडेतीन इंच! अहो, मी तिसऱ्या वर्षीच वाढायची थांबले होते. पण सांगितलं कुणी तिला? फोनवर मी काय सांगायचे, तर अभ्यासक्रम!

बटणावर हात तसाच. स्पीकर बंद करायचं राहूनच गेलं. न्हावीदादांनी हळूच केला.

परत आले तर दुकानाच्या दारात बायका. अकरा! पुढे गिरणीवाली, कमरेवर हात. त्या वादग्रस्त कमरेवर. मी म्हटलं, आता दुकान बंद. मी हात जोडले, म्हटलं, माझी चूक, काकूला बोलू नका, तिला उद्या... ती म्हणाली, 'छत्तीस? चार वर्षांपूर्वीचं माप आहे ते! आता चौतीस आहे मी! सगळ्या गल्लीला शिळं माप ऐकवलंत?' औषधवाली म्हणाली, 'आणि माझा खांदा उजवा खाली आहे. डावा नाही. माझी बदनामी झाली ती झाली, निदान बरोबर तरी करा.' शाळेतल्या मोठ्या बाई पुढे आल्या. 'घडलेला प्रकार अत्यंत आक्षेपार्ह आहे,' म्हणाल्या. थांबल्या. मग हळूच, 'साडेतेरा. पंधरा नव्हे.'

आणि टेप घेऊन रांग! काकू बोलू शकत नाही, नुसती टेप लावतेय, बोटांनी आकडा दाखवतेय, मान हलवतेय. गिरणीवालीची कंबर मोजली. काकूने बोटं दाखवली. पस्तीस. गिरणीवाली म्हणाली, 'चालेल.' आणि जाताजाता माझ्यासमोर बोट नाचवलं, 'पण यापुढे आमचं माप स्पीकरच्या पेटीतून आलं ना, तर बघ! आणि कागदावर उतरवायचं नाही. जे काय असेल ते घरातल्या माणसाच्या तोंडून, काकांच्या कानापर्यंत, बस्स!'

आता गुरुवारची सकाळ. आम्हाला उशीर झाला, कारण घड्याळं मीच बंद केलेली. फ्रिजमधून पाणी वाहत दुकानापर्यंत आलेलं. दारात गाडी उभी, काकू पिशवी घेऊन तयार, तिला बोलायची बंदी नाही अजून, पण आवाज धड नाही. आणि काका टेबलापाशी, मोठ्या बाईंचं कापड पसरलेलं, कात्री वर धरलेली, हलतच नाहीत. मी पटकन त्यांच्या कानात इयरफोन घातला, रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी दोन सेकंदांत काढून टाकला. 'या बोंड्याने कात्री ऐकू येत नाही मला. कात्री ऐकू आली नाही तर कापड कुठे चाललंय काय कळणार?' म्हटलं, लपवून एका चिठ्ठीवर लिहून देऊ? 'वाचायला एक चष्मा, कापायला एक. दोन्ही एका नाकावर ठेवू?' स्पीकर? समोर गिरणीवाली दारात उभीच होती, आमच्याकडे बघत.

काकांनी माझ्याकडे बघितलं. काकूने माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

आता माझा गळा कसा आहे ते सांगते. लहानपणी मी अंगाई म्हटली तर बाळ उठायचं. पण काका तसेच उभे, आणि काकूचा तो पिशवीवरचा हात, एक बोट त्या ठेक्यावर हलतंय... खटक-खटक. मग मी ठरवलं. तिथल्या तिथे. सहा आठवडे. लागले तर पुढचेही. इयरफोन माझ्या कानात घातला, बाह्या वर सारल्या, काकूच्या स्टुलावर बसले, पाय पट्टीवर ठेवला आणि तोंड उघडलं.

'मोठ्या बाईंची मान साडेतेरा गं...'

समोर सुताराने करवत सुरू केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागे आजोबांनी शिंकायच्या ऐवजी 'अरे देवा' म्हटलं. पण काकांची कात्री चालली! चालली हो! गाडीत बसताबसता काकूने काच खाली केली, आणि त्या उरल्यासुरल्या हवेत ओरडली, 'सूर जाऊ दे गं! इंच सांभाळ!'

मला फक्त एक आवाज हवा होता. एकच! पण तो माझा असणार आहे, हे त्या खोक्यावर कुठेही छापलेलं नव्हतं.